पवित्र तीन दिवस आणि आपली चूल



आज झावळ्यांचा रविवार. घरी गेल्यावर आपण आशीर्वादित झावळी क्रूसामागे खोचाल आणि मग बहुतेक घरांत एक यादी निघेल. मैदा किती, नारळ किती, व्हिनेगरची बाटली, कोंबड्या किती, डुकराचे मटण किती किलो, अंडी किती डझन, मुलांसाठी मार्झिपॅनची अंडी बेकरीतून आणायची की घरीच करायची. ईस्टरची तयारी कुठवर आली असे विचारले तर पुष्कळजण प्रथम हीच यादी सांगतील. अशा वेळी आम्ही धर्मगुरू उपदेश करतो की बाहेरची तयारी पुरे, अंतःकरणाची तयारी करा. मीही अनेक वर्षे असा उपदेश केला. ह्या वर्षी करणार नाही. कारण अंतःकरणाची तयारी घरातल्या कोणाला करता येईल आणि कोणाला करता येणार नाही, हे ती यादीच ठरवते, असे माझ्या ध्यानात आले आहे. म्हणून आजचा अभ्यास त्या यादीचाच.

गेल्या वर्षी ईस्टरनंतरच्या सोमवारी चर्चच्या अंगणात आपल्या धर्मग्रामातील एक बाई भेटल्या. फुलदाण्यांतले पाणी बदलायला आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "फादर, एक विचारू? शनिवारी रात्री ती मोठी मेणबत्ती पेटवून अंधारातून आत आणतात, ती अजून तशीच आणतात का? मी लग्नाआधी पाहिली होती. आता लग्नाला सव्वीस वर्षं झाली." मी विचारले, तुम्ही येत का नाही? "येणार कशी फादर? रविवारी पंचवीस-तीस माणसं जेवायला. शनिवारी रात्री मसाला वाटायचा, कोंबड्या साफ करायच्या, पीठ भिजवायचं. घरचे सगळे जातात, मी मागे थांबते. रविवारी सकाळच्या मिस्साला धावत येते."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण मला उत्तर देता आले नाही, कारण आदल्या दिवशी दुपारी त्यांच्याच घरी मी जेवलो होतो आणि रस्सा दोनदा वाढून घेतला होता.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे. आपला सण नेमका कधी असतो? रविवारी दुपारी एक वाजता असतो असे आपल्या स्वयंपाकघरांचे वेळापत्रक सांगते. ख्रिस्तसभेचे वेळापत्रक वेगळे आहे. पवित्र गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाच्या मिस्साने जे सुरू होते ते ईस्टर रविवारच्या संध्याप्रार्थनेपर्यंत चालते, आणि हे तीन दिवस मिळून एकच सण आहे. आपण लक्ष दिले असेल तर गुरुवारच्या मिस्साच्या शेवटी धर्मगुरू नेहमीसारखा लोकांना निरोप देत नाहीत. पवित्र साक्रामेंत मिरवणुकीने नेले जाते, वेदीवरची वस्त्रे काढली जातात आणि लोक शांतपणे पांगतात. शुभ शुक्रवारची उपासनाही नेहमीच्या नमस्काराने सुरू होत नाही. धर्मगुरू निःशब्द येतात आणि वेदीपुढे पालथे पडतात. मध्ये पडदा पडतच नाही. आणि ह्या एकाच लांब उपासनेचा कळस शनिवारी रात्री आहे. नवा अग्नी, पास्काची मेणबत्ती, तारणाच्या इतिहासाची वाचने, बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण आणि मग वर्षातील सर्वांत मोठा मिस्सा. रविवारचे जेवण हे त्या रात्रीचा आनंद घरी नेण्यासाठी आहे. आपल्याकडे उलटे झाले आहे. रात्र जेवणासाठी खर्ची पडते.

हे असे का झाले, ह्याला थोडा इतिहास आहे, आणि तो आपल्या आज्या-पणज्यांच्या बाजूने आहे. आपल्याला आज खरे वाटणार नाही, पण काही शतके पास्काचे जागरण रात्री होतच नव्हते. ते शनिवारी सकाळी उरकले जाई. भर उन्हात मेणबत्ती पेटवायची आणि ही रात्र धन्य आहे असे गायचे. १९१७ च्या कायदेसंहितेत तर उपवासकाळाचे बंधन पवित्र शनिवारी दुपारी बारा वाजता संपते असे लिहिले होते. म्हणजे तेव्हाच्या गृहिणीला शनिवारची दुपार आणि रात्र मोकळी होती. देवळातले काम सकाळीच झालेले असे आणि उपवासही सुटलेला असे. तिने शनिवारी रात्री पीठ मळले, मसाला वाटला, तर त्यात काही चुकत नव्हते.

मग १९५१ साली पोप पायस बारावे ह्यांनी प्रयोग म्हणून हे जागरण पुन्हा रात्री आणले, १९५५ च्या आदेशाने संपूर्ण पवित्र सप्ताहाची रचना बदलली आणि १९५६ पासून ती सर्वत्र लागू झाली. देवळाचे घड्याळ बदलले. चुलीचे घड्याळ मात्र कोणी बदलले नाही. आजी शनिवारी रात्री स्वयंपाक करायची म्हणून आई करायची, आई करायची म्हणून सून करते. त्या रात्री आता देवळात काय चालू असते, हे त्या परंपरेला ठाऊकच नाही. एखादी चाल कशासाठी पडली हे विसरले गेले तरी चाल सुरूच राहते, आणि आपण तिला धर्म म्हणू लागतो.

येथे माझे स्वतःचे एक कुमसार देतो. माझ्या गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्या ईस्टरला, मी सहायक होतो त्या धर्मग्रामात, पास्काच्या मेणबत्तीसमोरचे स्तुतिगान मला गायला मिळाले. वडील आले, भाऊ-वहिनी आले, मावश्या आल्या. आई आली नाही. नव्या फादरांना भेटायला रविवारी नातलग येणार होते. रविवारी दुपारी मी घरी गेलो तेव्हा तिने विचारले, "गाणं नीट झालं का रे?" मी म्हणालो, "झालं," आणि जेवायला बसलो. त्यानंतर तिला आणखी चार ईस्टर मिळाले. एकाही वर्षी मी तिला म्हणालो नाही की आई, ह्या वर्षी पाहुण्यांना सोमवारी बोलाव. मला सुचले नाही असेही नाही. तिच्या हातचे जेवण रविवारीच हवे होते. त्या मूळ लॅटिन स्तुतिगानात मेणबत्तीसाठी राबणाऱ्या मधमाश्यांचासुद्धा उल्लेख आहे. मी दरवर्षी तो शब्द गातो.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. सणाच्या खाण्याचे नियोजन ही काही क्षुल्लक गोष्ट आहे असे शास्त्र मानत नाही. निर्गमच्या बाराव्या अध्यायात देव मोशेला वल्हांडणाच्या जेवणाची जी व्यवस्था सांगतो ती एखाद्या काटकसरी घरधन्याने सांगावी तशी आहे. कोकरू कसे असावे, ते शिजवू नये तर भाजावे, सोबत बेखमीर भाकर आणि कडू भाजी असावी, सकाळपर्यंत काही शिल्लक ठेवू नये. आणि चौथ्या वचनात एक गोष्ट आहे जिच्यावरून आपण भराभर पुढे जातो. कोकरू एका कुटुंबाला जास्त होत असेल तर शेजारच्या घराला सोबत घ्यावे आणि कोण किती खाईल ह्याचा हिशेब करून माणसे मोजावीत. म्हणजे माणसे पाहून जेवण ठरवायचे, आणि माणसे कमी पडली तर शेजारी बोलवायचे. आपण जेवण आधी ठरवतो. शिवाय ते जेवण कंबर कसून, पायांत वहाणा घालून, घाईने खायचे होते. त्या रात्रीचे खरे काम निघण्याचे होते. स्वयंपाक त्या कामाला जुळेल एवढाच होता.

(काही ठिकाणी आता पवित्र गुरुवारी ज्यू पद्धतीचे वल्हांडणाचे जेवण ख्रिस्ती घरांत मांडण्याची टूम निघाली आहे. माझे मत विचाराल तर ते करू नये. तो आजही जिवंत असलेल्या एका धर्माचा विधी आहे. आपल्या कोकणातले बेने इस्राएल बांधव तो श्रद्धेने पाळत आले आहेत. त्यांचा विधी त्यांच्याकडेच शोभतो.)

पुढे शुभवर्तमानात पाहा. प्रभूच्या शेवटच्या भोजनाची तयारी कोणी केली? लूक नावे देतो : पेत्र आणि योहान (लूक २२:८). दोघेही कोळी, दोघेही पुरुष. जागा शोधणे, मांडणी, स्वयंपाक, सगळी जबाबदारी प्रभूने ह्या दोघांवर टाकली. आणि त्यांना खूण म्हणून दिलेला माणूस कोण, तर पाण्याचा घडा घेऊन चाललेला एक पुरुष. पाणी भरणे हे त्या काळी बायकांचे काम मानले जाई, म्हणूनच तो ओळखू येणार होता. मी ह्याचा फार अर्थ काढत नाही. पण ज्या घरात पुरुषाने स्वयंपाकघरात पाऊल ठेवले तर सणाला कमीपणा येतो असे मानतात, त्या घराने हे वचन एकदा मोठ्याने वाचावे.

बायका कोठे होत्या? क्रूसाजवळ. मग कबरेजवळ. लूक सांगतो की गालीलाहून आलेल्या त्या स्त्रियांनी शुक्रवारी संध्याकाळी सुगंधी द्रव्ये तयार करून ठेवली आणि शब्बाथाच्या दिवशी विसावा घेतला (लूक २३:५६). काम आदल्या दिवशी संपवले, शनिवार रिकामा ठेवला, म्हणून रविवारी पहाटे त्यांचे पाय मोकळे होते. पुनरुत्थानाची बातमी जगात सर्वांआधी त्यांना कळली. त्या वेळी त्या रांधत असत्या तर, असा विचार माझ्या मनात येतो आणि मी तो पुरता करत नाही.

म्हणून ह्या आठवड्याची आखणी कशी करता येईल ते सांगतो. पाककलेत मला गती नाही. हे मी आपल्याच धर्मग्रामातील अनुभवी हातांना विचारून लिहीत आहे.

सोरपोटेल आणि विंदालू हे व्हिनेगरचे पदार्थ आहेत. ते मुरल्यावरच चव धरतात. ते बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी करून ठेवावेत, नीट गार करून फ्रीजमध्ये ठेवावेत, आणि रविवारी गरम करावेत. शुक्रवारी मांस खाण्याला बंदी आहे, गुरुवारी शिजवून ठेवण्याला नाही. (चाखून पाहणारे घरात असतील तर भांड्याला झाकणाबरोबर पहाराही हवा.) गुरुवारी संध्याकाळी हलके जेवून मिस्साला यावे. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एक तास काही खाऊ नये हा नियम आहे. पाणी आणि औषध चालते. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे ह्यांना तोही नियम लागू नाही. २०१६ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी नियम बदलल्यापासून पाद्यक्षालनासाठी बाराही पुरुषच असावेत असे बंधन राहिलेले नाही. आपल्याकडेही स्त्रिया त्या बाकावर बसतात. मी त्यांचे पाय धुतो. त्यातल्या काहीजणी त्यानंतर दीड तासात पुन्हा त्याच पायांवर ओट्याशी उभ्या असतात, म्हणून गुरुवारच्या रात्री तरी घरात काही शिजू नये. मध्यरात्रीपर्यंत साक्रामेंताची आराधना आहे, तिला अर्धा तास द्यावा.

शुक्रवारी चूल जवळजवळ थंड असावी. नियम थोडक्यात असे : १४ वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांनी मांस वर्ज्य करावे. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत उपवासही आहे, म्हणजे दिवसात एकच पोटभर जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडेसे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, मधुमेहाची औषधे घेणारे, आजारी, उन्हात जड कष्ट करणारे ह्यांनी जीवाला त्रास करून घेऊ नये. क्रूसाच्या वाटेत चक्कर येऊन पडणे ही भक्ती नव्हे. पेज, लोणचे आणि एखादी भाजी एवढ्यावर दिवस निघतो. बेकरीतले हॉट क्रॉस बन मुलांनी जरूर खावेत. पण मांस नाही म्हणून पापलेट, कोळंबी आणि चिंबोऱ्यांचा बेत करणे ह्याला काय म्हणावे? नियमाचे अक्षर पाळले गेले, हे मान्य. कोळीवाड्यात मासळी हे रोजचे साधे अन्न आहे, तेथे तो प्रश्न वेगळा. पण ज्यांना पापलेट ही चैन आहे त्यांनी शुभ शुक्रवारी ती करू नये. दुपारी तीनच्या उपासनेला घरातील एकही माणूस स्वयंपाकासाठी मागे राहण्याचे त्या दिवशी काहीच कारण नाही.

आता शनिवार. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेवरील दस्तऐवजात (कलम ११०) शुक्रवारचा उपवास शक्य असेल तेथे शनिवारीही चालू ठेवावा असे सुचवले आहे. सक्ती नाही. पण शनिवार दुपारी बाराला सुटतो ही जुनी समजूत मात्र आता सोडावी. हा दिवस कबरेजवळ थांबण्याचा आहे. वेदी उघडी असते, दिवसा मिस्सा नसतो. मला स्वतःला वर्षातला हा दिवस सर्वांत कठीण वाटतो, कारण त्या दिवशी धर्मगुरूलाही काही करायचे नसते, आणि रिकामे बसणे आम्हाला जमत नाही. गृहिणीला तर त्याहून जमत नाही. त्या रिकामपणातच आपण कोंबड्या साफ करायला घेतो. त्या सकाळीच करून मसाला लावून ठेवाव्यात, आणि ते काम घरातील पुरुषांनी व मोठ्या मुलांनी करावे. पेत्र आणि योहान ह्यांची परंपरा आहे. मसाला शनिवारी वाटण्याची गरजच नाही. तो आठवडाभर आधी वाटून ठेवता येतो.

राहिले फुग्यांचे पीठ. "फादर, पीठ फुगायला वेळ लागतो, म्हणून थांबावं लागतं," असे मला अनेकींनी सांगितले. मी एका जुन्या जाणत्या आजींना विचारले. त्या हसल्या. "फादर, पीठ आपोआप फुगतं. त्याच्याकडे बघत बसलं तर लवकर फुगतं का?" ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल ह्यांच्या दरम्यान केव्हाही येतो, म्हणजे आपल्याकडे तो नेहमी उकाड्यातच येतो, आणि उकाड्यात पीठ लवकर येते. ताडी किंवा यीस्ट थोडे कमी घालून, रात्री निघण्यापूर्वी भिजवून झाकून ठेवावे. देवळात जागरण चालू असताना ते घरी आपले काम करील. रविवारी सकाळी तळायला घ्यावे. संत पौल करिंथकरांना लिहितो की जुने खमीर काढून टाका, कारण आपला वल्हांडणाचा कोकरा ख्रिस्त अर्पिला गेला आहे (१ करिंथ ५:७-८). हे वाचन ईस्टरच्या दिवशी वाचता येते. अंधारात बंद घरात झाकून ठेवलेले पीठ आणि बंद कबर ह्यांवर एखादे चांगले प्रवचन होऊ शकेल, पण ते पुन्हा कधीतरी.

आता रविवार, आणि त्या टेबलाभोवती कोण बसणार हा प्रश्न. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही अरिस्टॉटलची चार कारणे पाठ केली होती. वस्तू कशाची बनली, तिचे रूप कोणते, ती कोणी बनवली आणि ती कशासाठी. उदाहरण नेहमी पुतळ्याचे दिले जाई. सणाच्या जेवणाचे दिले असते तर अधिक समजले असते. कोंबडी आणि नारळ हे उपादान कारण, मांडलेले टेबल हे रूप, भाजलेल्या बोटांची बाई हे निमित्त कारण. हे सगळे कशासाठी, ह्या चौथ्या प्रश्नाशी आपण थांबत नाही, कारण तोवर पाहुणे दारात आलेले असतात.

आपल्या वसईत अशी घरे मला ठाऊक आहेत जेथे एकाच अंगणात दोन भावांच्या दोन चुली पेटतात आणि वाडीच्या वाटणीवरून बोलणे बंद आहे. अशा दोन्ही घरी मी जेवलो आहे. दोन्ही घरी विंदालूची चव एकच लागते, कारण दोन्ही घरी तो एकाच आईच्या पद्धतीने केलेला असतो. ईस्टरला दोघेही भाऊ देवळात एकाच नव्या अग्नीवरून पेटलेली मेणबत्ती हातात धरतात, दोन वेगळ्या बाकांवर उभे राहून. अशा वेळी "एकमेकांना क्षमा करा" असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. दावा कोर्टात असेल तर तो एका जेवणाने मिटत नाही, हे मलाही कळते.

पण योहानच्या एकविसाव्या अध्यायात एक बारीक गोष्ट आहे. पुनरुत्थित प्रभू तिबिर्याच्या सरोवराच्या किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव करतो, त्यावर मासळी ठेवतो, भाकर ठेवतो आणि रात्रभर उपाशी राबलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. स्वतः शिजवलेले असूनही त्यांनी धरलेल्या मासळीतली थोडी आणायला सांगतो. कोळशाच्या विस्तवासाठी येथे मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे तो संपूर्ण नव्या करारात फक्त दोनदा येतो. दुसरी जागा योहान १८:१८, महायाजकाच्या अंगणात, जेथे पेत्र शेकत उभा होता आणि म्हणाला की मी त्याचा शिष्य नाही. पेत्राने तो विस्तव पाहिला असेल, त्याचा वास घेतला असेल, तेव्हा त्याला काय वाटले असेल! पण प्रभूने त्या नकाराचा विषय लगेच काढला नाही. पंधरावे वचन पाहा. त्यांची न्याहारी झाल्यावर त्याने पेत्राला विचारले, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? आधी खाऊ घातले, मग विचारले. खाताना काही मागितले नाही.

म्हणून त्या भावांना मी एवढेच सुचवीन : ह्या ईस्टरला बोलू नका. एका डब्यात फुगे आणि रस्सा भरा आणि मुलाच्या हाती पलीकडे पाठवा. चिठ्ठी नको, निरोप नको. डबा रिकामा परत आला तरी पुरे. परत आलाच नाही तर पुढच्या वर्षी दुसरा डबा घ्यावा लागेल, इतकेच नुकसान.

आणि ज्यांची मुले कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला, आखातात आहेत अशी म्हातारी जोडपी? रविवारी दुपारी त्यांच्या घरी फोनच्या पडद्यावर नातवंडे दिसतात आणि समोर दोन ताटे असतात. आपल्यात राहणाऱ्या केरळच्या सिरियन परंपरेतील ख्रिस्ती बांधवांकडून येथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ते पवित्र गुरुवारी रात्री घरोघरी 'पेसहा अप्पम' करतात. तांदूळ-उडदाची बेखमीर भाकर, तिच्यावर झावळ्यांच्या रविवारच्या पात्याचा क्रूस. घरातील वडीलधारे प्रार्थना करून ती मोडून सर्वांना वाटतात. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तेथे ती केली जात नाही. मात्र ते घर रिकामे राहत नाही, शेजारी किंवा नातलग आपल्या घरातली भाकर तेथे नेऊन देतात. निर्गमच्या चौथ्या वचनाचा अर्थ त्यांच्या स्वयंपाकघराने चांगला जपला आहे. आपल्याकडेही ह्या वर्षी ज्यांच्या घरी माणूस गेले आहे अशी घरे प्रत्येक विभागात आहेत. ती सण करणार नाहीत. त्यांना मोजायचे आहे.

तर आज संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून यादी करा. पण सुरुवात मैद्यापासून नको. शनिवारी रात्री घरातले कोण कोण जागरणाला येणार हे पहिल्या ओळीत लिहा, आणि ज्याचे नाव तेथे नाही त्याचे काम कोण वाटून घेणार ते दुसऱ्या ओळीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसामुळे कोणाला घरी थांबावेच लागणार असेल, तर दरवर्षी तीच व्यक्ती थांबते का ते पाहा. ते नसेल टळत तर निदान पाळी लावा. मग माणसे मोजा. त्यानंतर मैदा.

फुलदाण्यांचे पाणी बदलणाऱ्या त्या बाई परवा पुन्हा भेटल्या. ह्या वर्षी त्यांच्याकडे जेवण दुपारऐवजी संध्याकाळी ठेवले आहे. सासूबाई थोड्या रुसल्या आहेत. कोंबड्या साफ करण्याचे थोरल्या मुलाने कबूल केले आहे. "मी येईन फादर," त्या म्हणाल्या, "पण सगळा वेळ माझं लक्ष कोंबड्यांकडे राहणार."

काही सूचना : जागरण विधी शनिवारी रात्री साडेदहाला चर्चसमोरच्या पटांगणात सुरू होईल. वाचने पूर्ण होतील, कमी केली जाणार नाहीत. लहान मुलांना घरी ठेवू नका. डाव्या बाजूच्या भिंतीलगत चटया घालून ठेवू, तेथे ती झोपली तरी चालतील. मेणबत्त्या पेटतील तेव्हा उठवा. रविवारी दुपारी मी आणि सहायक फादर कोणाच्याही घरी जेवायला येणार नाही, कृपया आग्रह करू नये. आम्ही पेज करणार आहोत, आणि ती आम्हाला येते. संध्याकाळी पाचनंतर चहाला येईन. सकाळचे उरलेले फुगे चालतील. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची आणि शोकात असलेल्या घरांची नावे बुधवारी संध्याकाळपर्यंत साक्रिस्तीत द्यावीत, म्हणजे कोणाचा डबा कोणाकडे जाईल हे विभागप्रमुखांना ठरवता येईल.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू